चार कार्बनांची शेपटी: ब्युपिव्हॅकेनच्या रेणूचं एक प्रकरण

सिझरच्या टेबलावर बाई पाठीची कमान करून बसलेली असते, सिस्टरने तिचे खांदे धरलेले असतात. भूलतज्ज्ञ चार मिलिलिटरचं अँप्युल फोडतात, त्यातलं जेमतेम दोन मिलि ओढतात आणि कंबरेच्या दोन मणक्यांमधून बारीक सुईने आत सोडतात. बाईला आडवं करून "पाय जड वाटतायत का ताई?" असं विचारेपर्यंत पाय खरंच जड झालेले असतात. अँप्युलवर ब्युपिव्हॅकेन ०.५ टक्के असं छापलेलं असतं. त्यात डेक्स्ट्रोज घातलेलं असल्याने ते मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून थिएटरमध्ये त्याला नुसतं 'हेवी' म्हणतात.

मी फार्मसीच्या मुलांना औषधी रसायनशास्त्र शिकवतो. स्थानिक भुलेच्या औषधांचा धडा आला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच: "सर, हे औषध हृदय बंद पाडतं असं लिहिलंय. मग रोज बाळंतिणींना कसं देतात?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर मात्रेत आहे आणि अर्धं रेणूच्या आकृतीत. दुसरं अर्धं जास्त रंजक आहे. आयन चॅनेलवर, म्हणजे पेशीच्या पटलातल्या भारित कणांच्या दारांवर, काम करणाऱ्या औषधाची रचना जराशी बदलली तर काय काय बदलतं, हे याच्याइतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

१९७९ चं संपादकीय

ब्युपिव्हॅकेन १९५७ साली स्वीडनमध्ये बो अफ एकेनस्टाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलं. प्रयोगशाळा होती बोफोर्स कंपनीची. होय, तीच. आपल्याकडे बोफोर्स म्हटलं की तोफ आठवते आणि तिच्या पाठोपाठ ऐंशीच्या दशकातलं राजकारण. पण बाळंतकळा सुसह्य करणारं औषधही त्याच नावाच्या छपराखाली जन्माला आलं.

औषध लोकांना आवडलं, कारण ते टिकायचं. लिडोकेन (आपल्या बोलण्यातलं झायलोकेन) तास-दीड तासात उतरायचं. हे कित्येक तास राहायचं. कळा रात्रभर चालतात, तिथे हा फरक मोठा होता. अमेरिकेत सिझरसाठी मणक्याच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत, म्हणजे एपिड्युरलमध्ये, ०.७५ टक्क्यांचं तीव्र द्रावण वापरलं जाऊ लागलं. त्याच्या वीस मिलिलिटरमध्ये दीडशे मिलिग्रॅम औषध असतं.

गर्भारपणात त्या पोकळीतल्या शिरा फुगलेल्या असतात. वाढलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या नीलेवर दाब देतं आणि रक्त मणक्याजवळच्या आडवाटेने परत जाऊ लागतं. अशा वेळी सुई किंवा नळी शिरेत घुसणं अवघड नव्हतं, आणि घुसली की ते दीडशे मिलिग्रॅम थेट हृदयाकडे निघायचं.

लिडोकेन चुकून शिरेत गेलं तर डॉक्टरांना वेळ मिळायचा. आधी जीभ बधिर, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, मग झटके, हृदयाचं दुखणं त्याच्याही पुष्कळ पुढे. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत झटके आणणाऱ्या मात्रेच्या साधारण सातपट लिडोकेन दिल्यावर रक्ताभिसरण कोसळलं. ब्युपिव्हॅकेनला सुमारे चारपट पुरलं. १९७९ मध्ये जॉर्ज ऑलब्राइट यांनी 'अनेस्थेसिऑलॉजी' या मासिकाच्या संपादकीयात ब्युपिव्हॅकेन आणि त्याच्यासारखंच चिवट असलेलं एटिडोकेन यांच्याकडे बोट दाखवलं. झटक्यांबरोबरच हृदय थांबतंय, आणि थांबलेलं हृदय पुन्हा चालू करणं विलक्षण जड जातंय, अशी ती तक्रार होती. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रसूतीत ०.७५ टक्के ब्युपिव्हॅकेन वापरू नये अशी सूचना काढली. ब्रिटनमध्ये तोवर हाताला पट्टा बांधून शिरेतून भूल देण्याच्या पद्धतीत ब्युपिव्हॅकेनने मृत्यू झाले होते. तिथूनही ते हद्दपार झालं.

लिडोकेन आणि ब्युपिव्हॅकेन दोन्ही सोडियम चॅनेलच बंद करतात. सोडियमला पेशीत सोडणारं हे दार उघडलं की चेतातंतूतला आणि हृदयातला विद्युत स्पंद सुरू होतो. मग एकाने हृदय का थांबावं आणि दुसऱ्याने का नाही?

रेणू उलगडून

फळ्यावर मी आधी लिडोकेन काढतो. डावीकडे बेन्झिनचं वलय, त्याच्या दोन खांद्यांवर एकेक मिथिल, म्हणजे एका कार्बनाचा गट. मधे अमाइडचा दुवा. उजवीकडे नायट्रोजन, त्याला दोन इथिल, म्हणजे दोन-दोन कार्बनांचे गट. वलय तेलकट, नायट्रोजन पाणीप्रेमी, दोघांना जोडणारा पूल. कोकेनपासून आजपर्यंतच्या बहुतेक स्थानिक भुलींची कुंडली हीच आहे.

खांद्यावरचे ते दोन मिथिल शोभेचे नाहीत. ते अमाइडला दोन्ही बाजूंनी आडोसा देतात, त्यामुळे पाणी किंवा एन्झाइम सहजी त्या बंधापर्यंत पोहोचत नाही. जुन्या प्रोकेनमध्ये पूल एस्टरचा होता. रक्तातलं एन्झाइम तो मिनिटांत तोडायचं.

खरी गंमत उजवीकडच्या नायट्रोजनची आहे. तो कधी हायड्रोजनचा प्रोटॉन उचलतो आणि धनभारित होतो, कधी टाकतो आणि उदासीन होतो. पेशीचं पटल तेलकट. त्यातून उदासीन रूपच पार होतं. पण चॅनेलला धरणारं मुख्यतः भारित रूप. म्हणजे औषधाने भार उतरवून भिंत ओलांडायची, आत गेल्यावर पुन्हा भार अंगावर घ्यायचा आणि आतल्या बाजूने दार अडवायचं. लिडोकेनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू भारित आणि निम्मे उदासीन असतात तो आकडा, ७.९ च्या आसपास, म्हणून शरीराच्या ७.४ पीएचला चोवीस टक्के रेणू उदासीन असतात. ब्युपिव्हॅकेनचा ८.१, म्हणून सतरा टक्के. ते चढायला जरा उशीर लागतो यामागचं हे एक कारण.

याचा अनुभव दातांच्या दवाखान्यात पुष्कळांनी घेतलेला असतो. दाढेखाली पू झालाय, डॉक्टरांनी दोनदा टोचलं, तरी भूल लागत नाही. सुजलेल्या जागी आम्लता वाढते. पीएच समजा ६.९ वर आलं, तर लिडोकेनचे जेमतेम नऊ टक्के रेणू उदासीन उरतात. बाकीचे भिंतीबाहेर ताटकळतात. म्हणून 'आधी गोळ्या घ्या, पू ओसरू दे' असं सांगतात, त्यात आडमुठेपणा नसतो.

दार आतूनच अडवलं जातं याचा पुरावाही रचनेतच सापडला. लिडोकेनच्या नायट्रोजनवर तिसरा इथिल चढवला की तो कायमचा धनभारित होतो. या रेणूला क्यूएक्स-३१४ म्हणतात. चेतातंतूच्या बाहेर सोडला तर तो ढिम्म काही करत नाही. तंतूच्या आत भरला तर सोडियमचा प्रवाह रोखतो. एका इथिलने औषधाचं येणंजाणं बंद केलं, काम नाही.

(कोकणातल्या लाल विंचवाचं विष याच्या उलट वागतं. ते याच सोडियमच्या दाराला मिटू देत नाही. बाकी विंचवाचं प्रकरण वेगळं आणि मोठं आहे.)

आता ब्युपिव्हॅकेन. डावीकडचं वलय तेच, तेच दोन मिथिल, तोच अमाइड. फरक उजव्या टोकाला. इथे नायट्रोजन मोकळा नाही, सहा अणूंच्या पिपेरिडिनच्या कडीत गुंफलेला आहे, आणि त्याला लोंबते आहे चार कार्बनांची शेपटी, ब्युटिल. बोफोर्सच्या मंडळींनी ही शेपटी लांब-आखूड करून अख्खी मालिकाच बनवली. एक कार्बन असेल तर मेपिव्हॅकेन. तीन असतील तर जे बनतं त्याला पुढे रोपिव्हॅकेन नाव मिळालं. चार म्हणजे ब्युपिव्हॅकेन.

तेलकटपणा मोजायची रीत साधी आहे: औषध ऑक्टॅनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात घालून हलवायचं, आणि पाण्याच्या मानाने तेलात किती गेलं ते बघायचं. उदासीन रूपाचे आकडे असे: मेपिव्हॅकेन १३०, लिडोकेन ३६६, रोपिव्हॅकेन ७७५, ब्युपिव्हॅकेन ३४२०. रोपि आणि ब्युपि यांच्यात फरक एक कार्बन आणि दोन हायड्रोजनचा, रेणुभारात चौदाचा. तेवढ्यावर तेलकटपणा चौपटीहून जास्त. ब्युपिव्हॅकेन रक्तातल्या प्रथिनांना पंचाण्णव टक्के चिकटून असतं, लिडोकेन पासष्टच्या आसपास. औषध कित्येक तास टिकतं ते या चिकटपणामुळे. चेतातंतूवर जो गुण, तोच हृदयात अवगुण ठरला.

ठोक्यांमधला अर्धा सेकंद

सोडियम चॅनेलच्या तीन अवस्था असतात: मिटलेली, उघडी, आणि उघडून गेल्यावरची निष्क्रिय. स्थानिक भुलीची औषधं उघड्या आणि निष्क्रिय चॅनेलला घट्ट धरतात, विश्रांती घेणाऱ्या मिटलेल्या चॅनेलला सैल. धरायची जागाही ठाऊक आहे. चॅनेलच्या चौथ्या विभागातल्या सहाव्या सर्पिलावर फिनिलअॅलनिन नावाचं एक अमिनो आम्ल बसलेलं असतं. १९९४ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या चॅनेलमध्ये ते बदलून पाहिलं, तर औषधाची पकड कमालीची सुटली. त्या फिनिलअॅलनिनच्या वलयातला इलेक्ट्रॉनांचा ढग औषधाच्या धनभारित नायट्रोजनला ओढतो, आणि तेलकट भाग आजूबाजूच्या तेलकट भिंतीला टेकतो.

चेतातंतूतला एक स्पंद एक-दोन मिलिसेकंदांचा असतो. चॅनेल निष्क्रिय राहतं ते क्षणभर. हृदयाच्या पेशीचा स्पंद मात्र दोनशे-तीनशे मिलिसेकंद पठारासारखा सपाट पसरलेला असतो, आणि त्या सगळ्या वेळात सोडियमची दारं निष्क्रिय अवस्थेत असतात. औषधाच्या दृष्टीने ही पंगतच मांडलेली. लिडोकेन येऊन बसतं, ब्युपिव्हॅकेनही येऊन बसतं. बसण्याचा वेग दोघांचाही बरा आहे. दोघांत फरक पडतो उठून जाताना.

१९८५ मध्ये क्लार्कसन आणि होंडेगेम या संशोधकांनी गिनीपिगच्या हृदयपेशींवर ते मोजलं. लिडोकेनने अडवलेली दारं मोकळी होण्याचा कालांक (अडलेली दारं सदतीस टक्क्यांवर यायला लागणारा वेळ) सुमारे ०.१५ सेकंद, ब्युपिव्हॅकेनचा सुमारे १.५ सेकंद. त्यांनी वर्णन केलं: लिडोकेन 'झटकन आत, झटकन बाहेर', ब्युपिव्हॅकेन 'झटकन आत, सावकाश बाहेर'.

हा हिशेब मी मुलांकडून कॅल्क्युलेटरवर करून घेतो, कारण आकडा स्वतः काढल्याशिवाय त्याचं भय वाटत नाही. मिनिटाला ७५ ठोके म्हणजे एका ठोक्याला ०.८ सेकंद, त्यातला विश्रांतीचा भाग साधारण अर्धा सेकंद धरा. एका ठोक्यात शंभर दारं अडली असं माना. अर्ध्या सेकंदानंतर लिडोकेनची तीन-चार दारं अडलेली उरतात. ब्युपिव्हॅकेनची सत्तरीच्या पुढे. पुढचा ठोका येतो तो या शिल्लकीवर, आणि त्यात नवी भर पडते. सावकाराच्या व्याजासारखं ते चढत जातं. ठोके वाढले की विश्रांती आणखी कमी होते आणि शिल्लक आणखी वाढते. हृदयातल्या विद्युत स्पंदाचं वहन मंदावतं, त्याच्या लहरी गोल फिरू लागतात, आणि हृदय थरथरत राहतं किंवा थांबतं. बाहेरून छाती दाबत राहिलं तरी दारांतून औषध निघत नाही, म्हणून ऑलब्राइट यांनी सांगितलेली ती जड जाणारी झुंज.

मला वाटतं रचना आणि परिणाम शिकवताना आपली मोठी चूक इथे होते. 'किती मात्रेला किती परिणाम' एवढाच प्रश्न आपण विचारतो. औषध किती जोराने धरतं यापेक्षा ते किती वेळ सोडत नाही, हा प्रश्न कित्येकदा जास्त मोलाचा असतो, आणि आयन चॅनेल तर मिलिसेकंदांत उघडझाप करणारी वस्तू आहे.

डावा आणि उजवा

ब्युपिव्हॅकेनच्या पिपेरिडिन कडीत, अमाइडला जोडलेला जो कार्बन आहे, त्याच्या चारही हातांत वेगवेगळे गट आहेत. म्हणजे हा रेणू दोन रूपांत बनतो, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं: 'आर' आणि 'एस'. बाटलीत दोन्ही निम्मी-निम्मी असतात. (लिडोकेनमध्ये असा कार्बनच नाही, त्यामुळे त्याला डावं-उजवं नाही.) डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात जसा नीट बसत नाही, तसं चॅनेलच्या खाचेत या दोघांचं बसणं वेगळं. चेतातंतूची भूल दोघांची जवळपास सारखी. हृदयात मात्र 'आर' जास्त चिवट. पोटॅशियमच्या केव्ही १.५ या चॅनेलवर फरक फारच ठळक निघाला, 'आर' रूप 'एस'पेक्षा सुमारे सातपट प्रभावी. सोडियम चॅनेलवरचा फरक त्यामानाने माफक.

इथून दोन वाटा फुटल्या. एक, ब्युपिव्हॅकेनमधलं 'एस' तेवढं निवडून घ्यायचं. ते झालं लेव्होब्युपिव्हॅकेन. दुसरी, शेपटीतला एक कार्बन कमी करायचा आणि तेही फक्त 'एस' रूपात बनवायचं. हे रोपिव्हॅकेन, अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर. जो तीन कार्बनांचा भाऊ १९५७ च्या मालिकेत होताच, तो चाळीस वर्षांनी पाटावर बसला.

रोपिव्हॅकेनचं श्रेय जाहिरातींनी बहुतेक सगळं डाव्या-उजव्याला दिलं. मला ते पटत नाही. शेपटी आखूड झाल्याने तेलकटपणा चौथ्या हिश्श्यावर आला, आणि दारातून निघायला तो रेणू लवकर तयार होतो, यात शेपटीचा वाटा मोठा आहे. शिवाय १९९९ मध्ये प्रसूतीतल्या एपिड्युरलवर झालेल्या दोन अभ्यासांत रोपिव्हॅकेनची ताकद ब्युपिव्हॅकेनच्या साधारण ०.६ पट निघाली. म्हणजे 'त्याच मात्रेत सुरक्षित' या दाव्यातला काही भाग 'त्याच मात्रेत कमी परिणाम' असाही होता. तेवढीच भूल मिळवायला जास्त औषध लागलं की सुरक्षिततेतली काही कमाई परत जाते. तरीही सगळी जात नाही. निरोगी माणसांना शिरेतून सावकाश देऊन पाहिलं तेव्हा रोपिव्हॅकेन जास्त सोसलं गेलं.

आणखी एक गोष्ट रसायनशास्त्राच्या माणसाने कबूल करायला हवी, थोडी मनाविरुद्ध का होईना. अमेरिकेत प्रादेशिक भुलीमुळे होणारे मातामृत्यू दहा लाखांमागे ८.६ वरून दोनच्या खाली आले ते १९८५ नंतरच्या काळात. रोपिव्हॅकेन तेव्हा बाजारात नव्हतंच. तीव्र द्रावण बंद झालं, आधी थोडं देऊन पाहायची चाचणी मात्रा आली, तीन-पाच मिलि करत थांबून थांबून सोडायची सवय लागली. सुरक्षितता आधी हाताने आणली, रेणूने नंतर.

तेलाची बाटली

शेवटचं वळण शिकागोचे भूलतज्ज्ञ गाय वाइनबर्ग यांच्या उंदरांचं. मेदाचं दुधाळ द्रावण, जे आजाऱ्याला शिरेतून पोषण म्हणून देतात, ते आधी दिलं तर ब्युपिव्हॅकेनचा धोका वाढेल असा त्यांचा कयास होता. निघालं उलटं: मेद दिलेल्या उंदरांचं हृदय बंद पाडायला जास्त औषध लागलं. हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खांद्याच्या भुलीनंतर हृदय थांबलेल्या एका माणसावर हा उपाय पहिल्यांदा नोंदला गेला, आणि तो माणूस वाचला. वीस टक्के मेद, वजनाच्या किलोला दीड मिलि, म्हणजे साठ किलोच्या माणसाला नव्वद मिलि, भराभर. मग नळीतून सावकाश. यामागे एकाहून अधिक कारणं सांगतात, पण पहिलं सोपं आहे: रक्तात तेलाचे थेंब वाहू लागले की ३४२० आकड्याचा रेणू पाण्यापेक्षा त्यांच्याकडे धावतो. ज्या शेपटीने दार अडवलं, तीच धरून त्याला ओढून काढलं.

मुलांच्या प्रश्नाकडे परत येऊ. टेबलावरच्या बाईला दोन मिलि हेवी म्हणजे दहा मिलिग्रॅम मिळतं, तेही मणक्यातल्या पाण्यात. त्यातलं सगळं चुकून शिरेत गेलं तरी ते जुन्या दीडशेच्या पंधराव्या हिश्श्यापेक्षा जास्त होत नाही. म्हणून ब्युपिव्हॅकेन सिझरला रोज चालतं, आणि जिथे वीस-तीस मिलि घालायची वेळ येते, खांद्याच्या किंवा मांडीच्या नसांसाठी, तिथे पुष्कळ भूलतज्ज्ञ रोपिव्हॅकेनकडे वळतात.

मागच्या वर्षी मुलांना एका ऑपरेशन थिएटरची भेट घडवली. कपाटात वरच्या खणात मेदाची पांढरी बाटली होती. एका मुलीने ती उचलून मुदत बघितली, अजून आठ महिने होते. "हे कशाला ठेवलंय इथे, ताई?" तिने सिस्टरना विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात खाली ठेवायची नाही, हाताशी लागते. अजून कधी फोडली नाही."